उजवं अर्ध

बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. पुस्तक पुरं होत आलं आहे, शेवटचं प्रकरण तुमच्या घरावर आहे, तेव्हा एवढंच कळवा, दोघी जावा अजून एकत्र बसतात ना? 'एक ओळ पुरे,' असं शेवटी लिहून त्यांनी खाली रेघ मारली होती.

त्या एका ओळीपायी मी बरेच कागद फाडले. 'बसतात' लिहिलं तर खोटं. 'बसत नाहीत' लिहिलं तर का, तेही लिहावं लागणार. जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो. गावच्या वाचनालयात पुस्तकं सांभाळायची नोकरी केली. शिकवलं कधीच नाही, पण पुस्तकांजवळ बसतो म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. स्वतः लिहायला बसलो की एकेका शब्दावर शंका येते. शिवाय आमच्या गावातून बाहेर जाणारं पाकीट चौकीवर उघडं द्यावं लागतं. तिथे ते वाचतात, चिकटवतात आणि टपालाच्या पिशवीत टाकतात. वाचायचं काम ज्याच्याकडे आहे तो माझा धाकटा मुलगा.

बाई आल्या त्या कापणीच्या दिवसांत. शहरातल्या विद्यापीठात त्या शिकवत. जिथे गोळ्या चालतात अशा भागांत बायका हातानं काय बनवतात आणि त्यावर घर कसं चालतं, यावर त्यांचं संशोधन होतं. खांद्याला जड पिशवी, हातात चौकीच्या परवानगीचा कागद आणि पायांत चिखलात घालू नयेत असे बूट. शिपायांनी वाचनालयात आपलं सामान भरलं तेव्हापासून पुस्तकं आमच्या बाहेरच्या खोलीत रचलेली आहेत. त्यांच्या मधोमध बाईंची खाट टाकली.

"म्हणजे आम्ही कशा जगतो ते बघायला आलात म्हणा," माझी बायको म्हणाली.

"तसंच," बाई हसल्या.

"मग बेतानं बघा. आम्हाला अजून ते नीट जमलेलं नाही."

घरात आम्ही चौघं होतो. मी, बायको आणि दोघी सुना. थोरला मुलगा टेकडीवरच्या लोकांत जाऊन मिळाला होता, धाकट्यानं चौकीवर नोकरी धरली होती. एका अंथरुणात वाढलेली पोरं. एका पहाटे थोरला लपत घरी येत होता, तेव्हा पाणथळीतल्या उंच लव्हाळ्यात गोळी लागून तो गेला. त्या गस्तीत धाकटा होता की नव्हता हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर तो चौकीवरच राहू लागला. त्याची बायको आमच्याकडे राहिली, कारण तिकडे त्याला फक्त एका खाटेची जागा होती आणि इकडे चटयांचं काम होतं.

मग चौकीवाल्यांनी खोल पाण्यातला सगळा उंच लव्हाळा जाळून टाकला. त्यात माणूस लपतो म्हणून. धूर कितीतरी दिवस घरात राहिला, कपड्यांना, केसांना त्याचा वास येत होता. काठाचा आखूड लव्हाळा तेवढा कापायची परवानगी उरली.

पूर्वी एक काडी रुंद चटईच्या या कडेपासून त्या कडेला पोचायची. एका मागावर एक बाई. दोघी सुनांचे दोन माग होते, ओसरीच्या दोन टोकांना, आणि दोघींचं तोंड बंद नसायचं. एकीनं सुरू केलेली गोष्ट दुसरी तिकडून पुरी करायची. आखूड काडीची अरुंद चटई होते, पण तसली प्लास्टिकची बाजारात कवडीमोलानं मिळते. व्यापारी फक्त रुंद चटई घ्यायचा. तेव्हा माझ्या बायकोनं तोड काढली. दोन माग मोडून एक केला. डावीकडून एकीनं काडी सरकवायची, उजवीकडून दुसरीनं, आणि मध्ये वीतभर काडीवर काडी चढवायची. त्याला ती सांधा म्हणायची. मग जड लाकडी दांड्याची दोन टोकं दोघींनी धरून एकदम ठोकायचं. एक टोक आधी पडलं की चटई वाकडी.

"बसा," ती दोघींना म्हणाली. थोरलीचे डोळे तेव्हा सुजलेले होते. ती डावीकडे बसली. धाकटी उजवीकडे.

तेव्हापासून त्या रोज बसत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. ठोकायच्या आधी थोरली नाकातून श्वास सोडायची. तेवढ्यावर दांडा एकदम खाली यायचा. लव्हाळा वाळला की मोडतो, म्हणून काड्यांवर पाणी शिंपडत राहावं लागतं. ते काम माझं होतं. दुसरं काही मला येत नव्हतं.

बाई पहिल्या दिवशी दोघींबरोबर कापणीला गेल्या. बुटांचं काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अनवाणी गेल्या आणि तळव्याला खुंट लागून लंगडत परत आल्या, पण कुरकुरल्या नाहीत. त्यांचं मला ते आवडलं. मी कडेला मोळ्या बांधायला होतो. मांड्यांपर्यंत चिखल, हातात विळा, पाण्यावर माश्यांचा थवा. चौकीची शिट्टी वाजली की असाल तिथून बाहेर यायचं. मग तपासणी. थोरलीची मोळी शिपायानं सोडायला लावली, तीत सळई खुपसली, डोक्याचा रुमाल झटकायला लावला. बऱ्याच काड्या मोडल्या. धाकटीची मोळी त्यानं सोडायला लावली नाही. आपल्यातल्याची बायको म्हणून.

धाकटी मोळी डोक्यावर घेऊन तिथेच उभी राहिली. थोरलीनं काड्या गोळा केल्या, पुन्हा बांधल्या, उचलल्या, तोवर ती हलली नाही. मोळी खाली ठेवली नाही, हातभारही लावला नाही. मग दोघी पुढे-मागे चालू लागल्या. बाईंनी हे पाहिलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं असेल, असं मला त्या वेळी वाटून गेलं.

दुपारी बाई मागाजवळ बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "पुरुष का बसत नाहीत मागावर?"

"बसले तर त्यांना उठवायला आणखी दोन बायका लागतील," माझी बायको म्हणाली. "ह्यांच्याकडे पाण्याचा तांब्या दिलाय, तर निम्मं पाणी पुस्तकावर."

"अगं, एकदाच सांडलं होतं," मी म्हणालो.

"एकदा सांडलं ते मी पाहिलं."

धाकटीला हसू आलं. थोरलीच्या ओठाचा कोपराही हलला. बाईंनी तेवढ्यात फोटो काढला. दोघींचे हात दांड्यावर, दोघी खाली बघताहेत, आणि हसू पुरतं गेलेलं नाही.

तयार झालेली एक चटई बाई शहरातल्या प्रदर्शनाला नेणार होत्या. तिच्यावर करणाऱ्यांची नावं लावायची होती. "गावातल्या बायकांनी केली, असं मोघम नको," त्या म्हणाल्या. "आजवर तेच झालं. वस्तू सगळे बघतात, बाईचं नाव कोणी घेत नाही. ह्यात कुठलं अर्ध कोणाचं?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मलाही पटलं.

"अर्ध कुठलं?" थोरली म्हणाली. "चटई आहे."

धाकटीनं मात्र दांडा ठेवून त्या चटईकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, मग सांध्यावर नजर थांबली. मी तांब्या घेऊन उभा होतो. तिला असं बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे बाईंनी दोघींशी वेगवेगळं बोलून घेतलं, पुस्तकांच्या खोलीत, दार लोटून. एकमेकींसमोर बायका मोकळ्या होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. धाकटी बराच वेळ आत होती. थोरली लगेच बाहेर आली.

बाईंचा एक नियम होता. माणसांकडून घेतलेलं माणसांना वाचून दाखवायचं, चुकलं असेल ते सुधारायचं. हा नियमही चांगलाच होता. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो. बाईंनी आधी विचारलं, "दोघींचं वाचू ना? नको असेल तर नाही वाचणार."

"वाचा की," धाकटी म्हणाली. थोरलीनं मान हलवली. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे दोघींना कुणी शिकवलेलंच नव्हतं. बाईंना वाटलं, परवानगी मिळाली.

त्यांनी धाकटीचं वाचलं. "उजवं अर्ध माझं. माझा हात घट्ट आहे. तिचं सैल पडतं, तिचं ध्यान टेकडीकडे असतं. मी ओढून धरते म्हणून चटई सरळ येते. माझ्या नवऱ्यानं ते केलं, असं तिला वाटतं. कधी कधी मलाही वाटतं. मी कुणाला विचारू?"

मग थोरलीचं. "मी तिच्याशेजारी बसते, कारण लव्हाळा पुरत नाही. उद्या उंच लव्हाळा आला तर मी तिच्याकडे पाठ करून बसेन."

शेवटच्या वाक्याला बाईंचा आवाज उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "काही सुधारायचं आहे का?" त्यांनी विचारलं.

पाण्याकडून चिलटं येत होती, ती मी उगाच हातानं वारत राहिलो. माझी बायको म्हणाली, "चहा टाका कुणीतरी." धाकटी उठली. तिनं सगळ्यांना चहा दिला. थोरलीचा कप तिच्या पायाशी तसाच निवला, त्यावर साय धरली, आणि नंतर माझ्या बायकोनं तो उचलून अंगणात ओतला.

दोन-तीन दिवसांनी बाई गेल्या. जाताना माझ्या बायकोला त्यांनी मिठी मारली, आणि मला म्हणाल्या, "किती खरं बोलल्या दोघी! आता गाठ सुटेल बघा." बोलून टाकलं की मन हलकं होतं, असं मीही पुस्तकांत वाचलं होतं. मी मान डोलावली. प्रदर्शनाची चटई गुंडाळून त्यांच्या गाडीवर मीच बांधली.

मागावर पुढची चटई होती. व्यापाऱ्यानं एका मोठ्या सभागृहासाठी रुंद चटयांची मागणी दिली होती, तीवर आमची पुढच्या कापणीपर्यंतची चूल पेटणार होती. दोघी बसल्या, पण थोरली आता मागाची आपल्या बाजूची दोरी करकचून आवळू लागली. तिचं सैल पडतं ना? तिचे तळवे फाटले तरी ती ओढत राहिली. धाकटीनंही आवळलं. श्वास सोडण्याची ती खूण गेली. आता थोरली दांडा पाडायची, आणि एका क्षणानं धाकटीचं टोक पडायचं. कधी उलट. ठक-ठक. आधी एकच ठोका ऐकू यायचा, आता दोन. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो तरी ते दोन ठोके ऐकू यायचे.

"अगं, सांभाळून," माझी बायको म्हणाली.

"तिला सांगा," दोघी म्हणाल्या. तेवढं मात्र एकदम.

व्यापारी आला, त्यानं चटई अंगणात पसरली. कडा ताठ, आणि मधला सांधा फुगून वर आलेला. त्यानं पायानं दाबला, तो बाजूला जाऊन फुगला.

"मास्तर, ह्यावर माणसं बसणार आहेत की होडी चालवायची आहे?"

"पहिलीच अशी आली," मी म्हणालो. "पुढची सरळ देऊ."

"पुढचीही बघितली मी मागावर. तिला आत्ताच कुबड आहे." तो हसला, शेजारपाजारचे उभे होते तेही हसले. मग त्यानं हसणं आवरलं. "मास्तर, वाईट वाटतं. पण मला दुसरीकडून घ्यावं लागेल." चटई त्यानं आमच्यासमोर गुंडाळूनसुद्धा ठेवली नाही. ती तशीच अंगणात पडून राहिली आणि कोंबड्या तिच्या फुगवट्यावर चढून बसल्या.

त्याच आठवड्यात धाकटीनं पेटी भरली. चौकीमागे बायकामुलं असणाऱ्यांना खोल्या मिळू लागल्या होत्या. मी दारात आडवा उभा राहिलो. आडवा म्हणजे काय, बाजूला सरकून उभा राहिलो.

"अगं, पण मागाचं काय?"

"माग तिचा आहे, बाबा. येऊ दे तिला उंच लव्हाळा."

"एवढ्या बोलण्यावर जातेस?"

"बाईंनी ते वाचलं नसतं तर राहिले असते. माहीत होतं की मला. पण ते पाहुणीच्या तोंडून, सगळ्यांसमोर..." तिनं पेटी उचलली. दारातून वळून सासूला म्हणाली, "आई, तुमचं गुडघ्याचं तेल कोनाड्यात ठेवलंय." आणि गेली.

थोरली मागावर बसलेली होती. तिनं डावीकडची काडी सरकवली. काडी मधोमध येऊन संपली. ती तशीच बघत राहिली.

माझी बायको उजवीकडे बसली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना, थोरलीनं आणि मी काखेत हात घालून उठवलं. "पाहिलंत, दोघं लागली," ती म्हणाली, पण त्यावर कुणी हसलं नाही. तिचे गुडघे घोंगडीत गुंडाळून तिला खाटेवर बसवलं. पुरुष मागावर बसत नाही. आमच्यात कधी कुणी बसला नव्हता. मी तांब्या खाली ठेवला आणि उजवीकडे जाऊन बसलो.

थोरलीनं माझ्या हातात दांड्याचं टोक दिलं.

माझं जमत नाही. काडी सरकवताना बोटं कापतात, सांध्यावर एक चढते, एक घसरते. थोरली श्वास सोडते, मला तो ऐकू येतो, पण हात मागून पोचतो. गस्तीवरचे शिपाई रस्त्यानं जाताना थांबून बघायचे. "आजी, चटई केवढ्याला?" एकानं मला विचारलं, आणि बाकीचे खिदळले. मी मान खाली घातली. पुढे त्यांना त्याचा कंटाळा आला. आमची चटई गावाच्या बाजारात कमी भावात जाते. गुरांखाली अंथरायला घेतात. सरळ नसली तरी गुरं तक्रार करत नाहीत.

पत्र आलं ते याच दिवसांत. मी ते एका जाड पुस्तकात घालून ठेवलं.

आणि आता पुस्तकच आलं. चौकीवर फोडलेलं, परत दोरीनं बांधलेलं. वर तो फोटो, दोघींचे हात दांड्यावर, ते अर्धवट हसू. माझ्या बायकोनं पुस्तक दूर धरून पाहिलं, मग जवळ, आणि खाटेवर उपडं ठेवलं. थोरलीनं मात्र हात पुसून ते उचललं. पुस्तकात आमच्याबद्दल काय आहे ते वाचायला सांगितलं.

मी शेवटचं प्रकरण वाचलं. बाईंनी मनापासून लिहिलं होतं. युद्धानं तोडलेली माणसं हातांच्या लयीतून पुन्हा जोडली जातात, असं त्यात होतं. मोकळेपणानं बोलल्यावर दोघींमधला अबोला वितळला असावा, असं होतं. दोघी आजही एका मागावर बसतात, असं शेवटी होतं. माझं उत्तर गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी चांगलंच असणार असं धरलं होतं. उंच लव्हाळा जाळल्याचा उल्लेख एका तळटिपेत होता.

थोरली ऐकत होती. बोटाच्या भेगेत रुतलेलं कुसळ ती नखानं काढत होती.

"हे कुणाबद्दल आहे?" तिनं विचारलं.

मी पुस्तक मिटलं.

"त्यांना कळवा, बाबा."

"काय कळवू?"

"कोण बसतं ते."

त्या दिवशी मी एकही कागद फाडला नाही. बाईंनी मागितली होती तेवढीच, एक ओळ लिहिली. पाकिटावर पत्ता घातला आणि चौकीवर गेलो. रांग होती. औषध मागवायचं पत्र घेऊन आलेला शिंपी माझ्या पुढे होता. त्याचं पत्र लांबलचक, ते वाचून होईपर्यंत मी लोखंडी जाळीशी उभा राहिलो. जाळीपलीकडे धाकटा. त्याच्या कानशिलांवरचे केस पिकलेत. लांबून येता-जाता ते मला दिसले नव्हते.

"पुढे," तो म्हणाला, आणि वर पाहिलं. "बाबा."

मी उघडं पाकीट आत सरकवलं. त्यानं कागद काढला. डावीकडे थोरली बसते, उजवीकडे आता मी बसतो, एवढंच त्यावर होतं. वाचायला काहीच वेळ लागायला नको. तो वाचत राहिला. बाजूच्या खोल्यांतून कुणी बाई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. ती धाकटी होती की दुसरी कुणी, ते जाळीतून दिसत नव्हतं.

"सांधा जमतो?" त्यानं विचारलं.

"नाही. फुगतो."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

त्यानं मान हलवली. मी थांबलो. त्याला काही विचारावं असं मला वाटलं. इतकी वर्षं न विचारलेलं तेच तोंडाशी आलं होतं. पण माझ्या मागे रांग होती आणि त्याच्या मागे त्याचा अंमलदार. त्यानं कागदाची घडी आधी होती तशीच घातली. पाकिटाची कड जिभेनं ओली केली, अंगठा तिच्यावरून दोनदा फिरवला आणि पाकीट पिशवीत टाकलं.

"पुढे," तो म्हणाला.